बिजलीगढची बेवा पळवली कुणी?

१

पडद्यावर घोडा उधळत बेवा यायला हवी होती. आली ती बोंडअळी.

तीही केवढी! देवळीतल्या आमच्या बंद टॉकीजची पांढरी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत व्यापून ती निवांत कपाशीचं बोंड पोखरत होती. मागून एक धोतरवाले गृहस्थ आले आणि “शेतकरी बंधूंनो” अशी सुरुवात करून फवारणीच्या पंपाची निगा कशी राखावी ते सांगू लागले. खाली रिकाम्या हॉलमध्ये गळ्यात गिटार अडकवलेला नागेश, ड्रममागे बसलेली चंचल आणि माइकपुढे उभी असलेली काजल, तिघंही आ वासून बघत राहिली. वर केबिनच्या झरोक्यातून अण्णाजी ऑपरेटर ओरडले, “अवो, माही बेवा कोनं नेली?”

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने भर दुपारी असं ओरडावं, म्हणजे रस्त्यावरची चार माणसं आत डोकावणारच. मी त्यांतला पहिला. मी वासुदेवराव. टॉकीजसमोर माझं सायकलीचं दुकान होतं. माझ्याविषयी लोक म्हणतात की मी थापा मारतो. तसं नाही. मी खरंच सांगतो, फक्त त्यात जरा हवा भरतो. तो माझा धंदाच होता.

“बेवा” म्हणजे ‘बिजलीगढ की बेवा’. घोड्यावर बसून दरोडेखोरांचा सूड घेणाऱ्या विधवेचा सिनेमा. मुंबईत तो पहिल्या आठवड्यात पडला, नागपुरात त्याआधीच पडला. देवळीने मात्र तो इतका पाहिला की पोरांना पाढ्यांआधी त्यातले डायलॉग यायचे. त्याची एक रीळ ‘पडदाफाड’ या बँडचा प्राण होती. आणि तीच गेली होती.

अण्णाजी डबा घेऊन धापा टाकत खाली आले. डब्याला लाल चिंधी बांधलेली, बँडच्या डब्याला असते तशीच. पण झाकणावर लिहिलं होतं, ‘बिजलीगढ ५’. बँडची रीळ चार नंबरची. कुणीतरी चिंधी सोडून दुसऱ्या डब्याला बांधली होती आणि चार नंबरचा डबा घेऊन पसार झालं होतं.

“कार्यक्रम उद्या संध्याकाळी हाय,” नागेश म्हणाला.

काजलने गळ्याभोवतीचा दुपट्टा आणखी घट्ट गुंडाळला आणि स्टेजच्या कडेवर बसून घेतलं.

२

आता या बँडची गोष्ट सांगितल्याशिवाय रीळ जाणं म्हणजे काय, ते कळणार नाही.

हार्डकोर पंक म्हणजे काय, हे मला चंचलने समजावलं. ती आर्वीची, बाजार समितीच्या लिलावाशेजारी वाढलेली, त्यामुळे तिला हळू बोलता येत नाही. “आबाजी, सगळ्यात जोरात, सगळ्यात लवकर, अन् जे पोटात हाय ते सगळं बाहेर. बस!” गाणं सुरू झालं म्हणून तुम्ही चष्मा पुसायला घेता, पुसून डोळ्यांवर चढवता, तोवर ते संपलेलं असतं. आणि पडदाफाडचं प्रत्येक गाणं म्हणजे एक अख्खा सिनेमा. जत्रेत हरवलेले भाऊ, आंधळी आई, किल्ल्यावरची मारामारी, सगळं पाऊण मिनिटात. तिकिटाचे पैसे वसूल.

त्यात एक गंमत होती. यांच्या गाण्यांत हिरो आधी मरतो, मग त्याचं लग्न होतं, मग तो जन्मतो. पुण्याच्या एका जाणकाराने त्यावर मोठा लेख लिहिला, की ही पोरं काळाची मोडतोड करतात. कसली मोडतोड! सिनेमाची एकच प्रत वर्ध्याच्या आणि आमच्या टॉकीजमध्ये वाटून चालायची. तिथली रीळ संपली की काजलचा बाप कैलास ती मोटारसायकलवर टाकून देवळीला आणायचा आणि पुढची आणायला तसाच परत पळायचा. वाटेत टायर बसला की अण्णाजी हाताला लागेल ती रीळ चढवायचे. आमच्या गावाने सगळे सिनेमे असेच पाहिले. पोरांना वाटलं, गोष्ट अशीच असते.

पहिला कार्यक्रम आंजीला झाला. काजल अशी ओरडली, की शेजारच्या वावरातलं सोयाबीन मळणीयंत्राविना मोकळं झालं. मालकाने खूश होऊन तिघांना चहा पाजला. मग नागपूर, पुणे, बंगळूर, पार शिलाँगपर्यंत गेली पोरं. सगळीकडे एकच रीत. मागे चादरीवर बेवेची चार नंबरची रीळ लावायची, ती सुरू झाली की वाजवायला लागायचं आणि संपली की थांबायचं, मग गाणं अर्ध्यात असलं तरी. त्यांची सगळी गाणी त्या घोड्यांच्या टापांवर बसवलेली. रीळ नाही तर कार्यक्रम नाही, अशी त्यांची शपथच होती.

सगळीकडे वाजवून झालं, फक्त देवळी राहिली होती. गावाने काजलला कधी ऐकलंच नव्हतं. लोक विचारायचे, “कैलासची पोट्टी बाहेरगावी काय करते बाप्पा?” आणि कैलास म्हणायचा, “गाते म्हनते.” उद्या पहिल्यांदाच, आपल्या टॉकीजमध्ये, आपल्या माणसांपुढे ती गाणार होती. शिवाय नागेशला पुण्यात नोकरी लागली होती. हा कार्यक्रम झाला की पडदाफाड संपणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

“तपास मी करतो,” मी जाहीर केलं.

“तुमी बसा,” मागून आवाज आला. आमची कोकिळा. माझी बायको. हातात निवडायच्या मुगाचं सूप घेऊनच आली होती.

३

कोकिळाची तपासाची पद्धत अशी, की समोर मूग निवडत बसायचं आणि प्रश्न असा विचारायचा की माणसाला वाटावं, ही गप्पाच मारून राहिली आहे.

पहिले आले अण्णाजी.

“अण्णाजी, बेवेचं शेवटी काय होते हो?”

“होते काय? लगन होते तिचं! घोड्यावरून उतरते, हिरवा चुडा घालते अन् नाचते.”

“बरं. अन् डब्यावर लिहिलं राह्यते तेच आत राह्यते ना?”

अण्णाजी पोट धरून हसले. “वहिनी, मालकानं केबिन रंगवली तवा सगळी झाकणं एका ढिगात पडलीती. म्या जशी हाताला आली तशी लावली. ‘बिजलीगढ’ म्हनून उघडा, आत अळी निघते. ‘अळी’ म्हनून उघडा, आत कोनाचं तरी बारसं निघते! इथं झाकण वाचून डबा उचलणारा फसलाच समजा.”

नागेश आला तो मान खाली घालूनच. मी लगेच ताडलं. याला शेवटचा कार्यक्रम नको होता. तो झाला नाही, तर बँड संपणारही नाही!

“काऊन रे, तुले नोकरीवर जायचं नाई का?” कोकिळाने विचारलं.

“जायचं हाय, आजी. पन संपवून जायचं हाय. अर्धं सोडून गेलो त तिथं झोप येणार नाई मले.” त्याने डोळे पुसले. “तुमाले वाटते, म्या नेली?”

“मले काईच वाटत नाई. झाकणांचं तुले माहीत होतं?”

“आमाले नाई त कोनाले? एक अख्खी सुट्टी आमी सगळे डबे उघडून पाह्यले, तवा कुठं आमची रीळ सापडली. म्हनून त चिंधी बांधली.”

तिसरी आली ती समीक्षा. नागपूरची. जुन्या फिल्म शोधून जपते आणि उद्याच्या कार्यक्रमाचं शूटिंग करायला दोन दिवस आधीच येऊन राहिली होती. हातात पांढरे सुती मोजे, सोबत कुलूपवाली मोठी पेटी. तिला विचारलं तर म्हणाली, “हा सिनेमा पूर्ण बघितलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही, काकू. मीही नाही बघितला. ही चार नंबरची रीळ देशात एकच असेल.”

एकच! मी कोकिळाकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. तिने मुगातला खडा काढून माझ्याकडेच टाकला.

इतक्यात कैलास पोरीसाठी थर्मास घेऊन आला. हल्ली तो मालवाहू ऑटो चालवतो.

“कैलासभाऊ, बेवेचं शेवटी काय होते?”

तो गोंधळला. “मले काय माहीत, वहिनी? म्या डबे वाह्यले. एक पोचवला की दुसऱ्याले पळ. एकबी सिनेमा पुरा पाह्यला नाई म्या. डबा उघडूनबी नाई पाह्यला कधी. आपलं काम पोचवायचं.”

त्याने थर्मासमधून वाफाळतं पाणी ओतून काजलला दिलं. मे महिन्यात, त्रेचाळीसच्या उन्हात, गरम पाणी!

“बोलत काऊन नाई गं?” कोकिळाने तिला विचारलं.

“आवाज राखून ठेवून राह्यली, आजी,” काजल कुजबुजली.

उन्हाळ्यात गळ्याला दुपट्टा, बोलणं बंद, नजर खाली. मी कोकिळाच्या कानात म्हटलं, “प्रेमात हाय पोट्टी.” तिने माझ्याकडे असं बघितलं, की पन्नास वर्षांपूर्वी लग्नात बघितलं होतं तेच आठवलं.

पण मला माझा चोर सापडला होता. मी उठलो आणि सरळ समीक्षाच्या पेटीवर हात ठेवला.

“उघडा,” मी म्हणालो.

४

समीक्षाचा चेहरा लाल झाला. तिने किल्ली काढली आणि झाकण उघडलं.

आत कॅमेरा, भिंगं, मोज्यांचे जोड आणि छोट्या छोट्या पांढऱ्या पुड्या. रीळ नाही. मी एक पुडी उचलून हुंगली.

“खाऊ नका, काका! ओल शोषायच्या पुड्या आहेत त्या,” ती तडकून म्हणाली. “फिल्मला पाणी लागलं की ती मरते. मी केबिनमध्ये पाण्याची बाटलीसुद्धा नेत नाही, काल दिवसभर तहान मारून बसले होते. आणि तुम्ही मला चोर म्हणता?”

माझी हवा गेली. मी म्हणालो की मी फक्त पेटीची बिजागरी बघत होतो. कुणाचाच विश्वास बसला नाही.

कोकिळा मात्र सूप खाली ठेवून उठली. “पाणी लागलं की मरते? खरं का?” असं म्हणून ती गुडघ्यांवर हात ठेवत केबिनचा जिना चढू लागली. मी मागे.

डब्यांच्या फळीवर बोटभर धूळ होती. त्या धुळीत, चार नंबरचा डबा असायचा त्या जागेशेजारी, एक ओबडधोबड डाग होता. धूळ भिजून चिखल झालेली आणि वाळून पोपडा धरलेली. कोकिळाने त्यातून एक धागा चिमटीत उचलला. तागाचा.

“अण्णाजी, इथं कोनी पाणी आनते का हो?”

“केबिनात? मी तर पानसुद्धा खाली जाऊन थुंकतो!”

कोकिळा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. धागा ती बोटांत फिरवत राहिली, आणि माझ्या लक्षात आलं की तिचे डोळे भरून आले आहेत.

“चला,” ती म्हणाली. “चोर सापडला. पन मले तिथं जावंसं वाटत नाई.”

५

वाटेत तिने मला सगळं उलगडून सांगितलं. उन्हं कलली होती, तरी रस्ता तापलेलाच.

“आयका. चोरानं चिंधी सोडून पाच नंबरच्या डब्याले बांधली. त्याले वाटलं, आत बेवाच असंन. घोडे धावतीन, बाई दिसंन, अन् लोक म्हनतीन, अण्णाजीची नेहमीचीच गडबड. म्हंजे त्यानं झाकणावर विश्वास ठेवला.”

“मग?”

“मंग अण्णाजी नाई, नागेश नाई. बँडातल्या सगळ्याईनं डबे उघडून पाह्यलेले. झाकणं खोटी हायेत हे त्याईले पक्कं माहीत. विश्वास ठेवंन तो, ज्यानं डबा कधी उघडलाच नाई.”

“म्हणजे समीक्षाच की! ती तर कालच आली!”

“ते तहानेनं मरंन, पन फिल्मजवळ पाणी नेणार नाई. चोरानं तर तिथं ओलं पोतं नेलं होतं. फळीवर टेकवलं त्यानं ते. आता तुमी सांगा. तुमच्या दुकानात उन्हाळ्यात पंक्चर काढाले कोन थांबायचा? गाडीच्या मागं काय बांधलं राह्यचं त्याच्या?”

मला आठवलं आणि मी तिथेच उभा राहिलो. ओलं गोणपाट. वर्ध्याहून येताना उन्हाने रीळ पाघळू नये म्हणून कैलास डबा ओल्या पोत्यात गुंडाळायचा. वाटेत प्रत्येक हापशावर थांबून भिजवायचा. जन्मभर डबा वाहिलेला माणूस चोरी करायला गेला, तरी पोतं भिजवूनच गेला.

कैलासच्या अंगणात निंबाखाली तिवईवर माठ होता. माठातून पाझरणारं पाणी खालच्या पोत्यावर थेंब थेंब पडत होतं. पोत्याला गोल आकार होता.

कैलास दारात आला. आमच्याकडे बघितलं, माठाकडे बघितलं आणि उंबऱ्यावर बसला.

“चोरी नाई केली, वहिनी,” तो म्हणाला. “उशीर केला फक्त. जिंदगीभर उशीरच त करत आलो.”

“काऊन पन, भाऊ?”

“सकाळी मोरीत थुंकली पोट्टी. म्या पाणी टाकाले गेलतो. लाल होतं.” त्याने स्वतःच्या गळ्याला हात लावला. “तिच्या पिशवीत वर्ध्याच्या डॉक्टरचं औषध होतं. म्या जाऊन इच्चारलं. गळ्यात गाठ हाय म्हने. आपरेशन करा लागते, मंग तीन महिने तोंडातून शब्द नाई काढायचा. अन् त्याच्याआधी एक डाव जरी असं वरडली, त आवाज जाईन. गान्याचाच नाई, बोलन्याचाबी. पोट्टी मले ‘बाबा’ म्हनू शकणार नाई, वहिनी.”

“तिले सांगायचं होतं.”

“तिले माहीतच होतं!” मागून कुजबुज आली.

काजल फाटकात उभी होती. डोळे आगीसारखे.

“तुमी माहा बँड चोरला, बाबा.”

“हो.”

“मले इच्चारलं काऊन नाई?”

“इच्चारलं असतं त तू खोटं बोलली असती.”

“हो,” ती म्हणाली. मग तिचा चेहरा आवळला. “आठ वर्षं, बाबा. सगळ्या देशानं आयकलं. देवळीनं नाई आयकलं. तुमी नाई आयकलं. एक डाव ओरडाचं होतं, तुमच्यासमोर. मंग गेला असता आवाज त गेला असता.”

कैलासला रडता येत नव्हतं. तो नुसता उंबऱ्याची लाकडी कड चोळत होता. मला वाटलं, कोकिळा आता समजूत घालेल, मोठी म्हणून चार शब्द सांगेल. तिने फक्त वाकून पोतं उचललं, त्यातला डबा काढला, पदराने कोरडा पुसला आणि कैलासच्या हातात दिला.

“पोचवायचं काम तुमचं हाय, भाऊ. तुमीच द्या.”

कैलास उठला. डबा दोन्ही हातांवर घेऊन पोरीपुढे उभा राहिला.

“घे,” तो म्हणाला. “मी आडवा नाई येत. तुहा गळा, तुही रीळ. फक्त एक सांगजो. उद्या म्या यावं, का नाई?”

काजलने डबा घेतला आणि निघून गेली.

६

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडायच्या आधीच टॉकीज भरली. आंजीहून ट्रॅक्टर आले, आर्वीच्या बसने चंचलचं अख्खं खानदान उतरलं. माणसं इतकी झाली की हवेला आत यायला जागा उरेना. ती बाहेर तिकिटाच्या खिडकीपाशी ताटकळत होती. हे मी जरा फुगवून सांगतो आहे, पण जरासंच.

कैलास सगळ्यात मागे, दाराशी उभा. कोकिळाने त्याचा हात धरून त्याला पुढच्या रांगेत बसवलं.

काजल स्टेजवर आली. गळ्याला दुपट्टा नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. तिने माइक उचलला, ओठांजवळ नेला. कैलासने डोळे मिटून घेतले. माझ्या मांडीत कोकिळाची नखं रुतली.

काजलने हॉलभर नजर फिरवली. एकेका चेहऱ्यावर थांबत. मग तिने माइक हळूच स्टँडवर परत खोचला, केबिनकडे बघून अण्णाजींना हात केला आणि स्टेजवरून खाली उतरली. बापाशेजारची खुर्ची ओढून बसली.

पडद्यावर घोडा उधळला. नागेश आणि चंचल तुटून पडले. बापरे, काय तो आवाज! पत्रे थरथरले, वटवाघळं दुसऱ्या तालुक्यात गेली. माइक एकटाच उभा, आणि त्याच्यासमोर गाण्याची जागा मोकळी. ती कुणीच भरली नाही. एरवी सासूच्या अंत्यविधीतही गप्प न बसणारी आमची माणसं त्या मोकळ्या जागेकडे बघत चिडीचूप बसली. काजलचे ओठ हलत होते; एकही शब्द चुकत नव्हती ती, पण गळ्यातून काही निघू देत नव्हती. डोळ्यांतून मात्र निघत होतं, ते तिने अडवलं नाही.

आणि कैलास? त्याने डोळे उघडले होते. जन्मात पहिल्यांदा तो एक रीळ पहिल्यापासून बघत होता.

“हे बाई कोन होय?” तो त्या गदारोळात ओरडला. काजलने कपाळावरचं कुंकू पुसल्यासारखं केलं. बेवा.

“अन् हा मिशीवाला?” तिने मुठीने छातीत सुरा मारला. यानेच नवरा मारला.

“मंग हे त्याच्याच घरी काऊन चालली?” काजलने बोट ओठांवर ठेवलं. बघा ना.

तो खुर्चीच्या टोकावर येऊन बसला. बेवेने मिशीवाल्याला घोड्यामागे फरफटवलं तेव्हा त्याने अशी टाळी दिली की काजलचा हात लाल झाला. ती हसली. आवाज न करता, सगळ्या अंगाने.

मग चुडा, मग नाच, आणि नाचाच्या ऐन गिरकीत रीळ संपली. भिंत पांढरी झाली. नागेशचा हात तारांवर थांबला. चंचलने काड्या मांडीवर ठेवल्या. हॉलमध्ये फक्त प्रोजेक्टरचं चाक फडफडत होतं.

कैलास ताडकन उठला. शर्ट सावरत, लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत दाराकडे निघालाही. रीळ संपली होती. पुढचा डबा आणायला हवा होता.

काजलने त्याच्या शर्टाचं टोक पकडलं आणि त्याला खाली ओढलं. तो बसला. टोक तिने सोडलं नाही.